छाटलं की तपकिरी पडतं, परत फुटतच नाही: मुंबईतल्या बागेतले पाइन आणि त्यांची छाटणी

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. सोसायटीच्या गेटपाशी किंवा गच्चीवर एखादा ‘ख्रिसमस ट्री’ असतो, नाहीतर मोरपंखी. वेडीवाकडी वाढली म्हणून माळीदादांकडून ती छाटून घेतली जाते. पंधरा दिवस बरी दिसते, मग कात्री जिथे खोल गेली तिथे तपकिरी ठिगळ पडतं. फुटेल हळूहळू, म्हणून पावसाळा जाऊ देतात. मध्ये कुणीतरी मूठभर युरिया टाकतो. ठिगळ जिथल्या तिथे. पुढच्या वर्षी बाकीचं झाड त्या ठिगळाच्या मापात आणायला पुन्हा कात्री चालते आणि दुसऱ्या बाजूला नवं ठिगळ पडतं. तीन-चार वर्षांत खराटा उरतो आणि सगळे म्हणतात, मुंबईची हवाच मानवत नाही.

हवेचा वाटा आहे, त्यावर पुढे येतोच. पण मूळ कारण वेगळं आहे आणि ते कळलं नाही तर हा प्रकार दरवर्षी होणार.

जास्वंद, डुरांटा, कण्हेर, बोगनवेल कुठेही कापा. सालीखाली निजलेले डोळे असतात, वरचा शेंडा गेला की ते जागे होतात. नाशिककडे द्राक्षाची एप्रिलातली खरड छाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. वेल पार बोडकी दिसते आणि थोड्याच दिवसांत पोपटी फूट येते. आपल्या माळीदादांचा हात याच झाडांवर बसलेला असतो. सूचिपर्णी झाडांचं गणित उलटं आहे. मोरपंखी, जुनिपर, सायप्रस, बहुतेक खरे पाइन, यांच्या जुन्या, पानं गळून गेलेल्या लाकडात फुटू शकतील असे डोळे जवळपास नसतातच. हिरवा भाग असेल तिथूनच पुढची वाढ होते. हिरव्याच्या आत कापलं की ती फांदी संपली.

हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. मोरपंखीची एक फांदी हातात घ्या आणि टोकाकडून खोडाकडे बोट फिरवत या. आधी ताजा पोपटी शेंडा लागेल, मग गडद हिरवा पट्टा, मग पिवळट पडलेली, जराशा धक्क्याने गळणारी खवल्यांची पानं, आणि त्यानंतर नुसती तपकिरी काडी. जिथे हिरवं संपतं ती तुमची सीमारेषा. आता त्या तपकिरी काडीवर नखाने साल खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसेल आणि तिथेच लोक फसतात. हिरवं आहे म्हणजे जिवंत आहे, म्हणजे फुटेल, असा हिशेब करतात. फांदी जिवंत आहे ती पुढच्या पानांना पाणी पोचवण्यापुरती. पुढची पानं काढून टाकलीत तर तिला जगायला कारण उरत नाही.

आधी झाड कोणतं ते बघा

नर्सरीत ‘पाइन’ किंवा ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून पाच-सहा वेगवेगळी झाडं विकली जातात आणि प्रत्येकाला कात्री वेगळी लागते.

मजल्यामजल्यांनी आडव्या फांद्या, प्रत्येक मजल्यावर साधारण चार ते सात, मधोमध सरळसोट खोड: हा अरौकारिया. मुंबईत ख्रिसमस ट्री म्हणून मिळतो तो बहुतेक हाच. पानांचे उभे, चपटे पंखे असतील तर मोरपंखी. हात फिरवल्यावर लिंबासारखा वास येणारं, पिवळसर, निमुळतं रोप म्हणजे गोल्डन सायप्रस. टोचलं तर बहुधा जुनिपर. सुईसारखं पान ओढल्यावर सांध्यासांध्यांवर तुटत असेल तर तो सुरू. तो सूचिपर्णी नाहीच. ज्याला आपण सुई म्हणतो ती त्याची बारीक हिरवी डहाळी असते आणि खरी पानं त्या सांध्यांवर दातांसारख्या बारीक खवल्यांच्या रूपात असतात. आणि सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडीत, बुडाशी पातळ वेष्टनात बांधल्यासारख्या दिसल्या तर तो खरा पाइन. हिमालयातल्या चिडाच्या जुडीत तीन सुया असतात, बोन्सायवाल्यांच्या आवडत्या जपानी ब्लॅक पाइनच्या जुडीत दोन.

गोल्डन सायप्रसबद्दल एकाच वाक्यात सांगतो: तो थंड हवेचा आहे, मुंबईच्या दमट उकाड्यात न छाटताही तपकिरी पडतो, त्याच्यावर जीव टाकू नका.

अरौकारिया: इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं

हे झाड मूळचं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या मधल्या नॉरफोक बेटावरचं. तिथे ते पन्नास मीटरच्या वर जातं. आपण ते बारा इंची कुंडीत आणतो आणि छताला टेकलं की शेंडा उडवतो. पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

अरौकारियाच्या खोडाची वाढ आणि फांदीची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आडवी फांदी कधीच उभी होत नाही. तिची काडी कापून रुजवली तरी रोप जमिनीलगत आडवंच वाढत राहतं. म्हणून शेंडा गेल्यावर बाजूच्या फांद्यांपैकी एखादी वर येऊन जागा घेईल, ही अपेक्षा फोल आहे. होतं असं की काही महिन्यांनी कापलेल्या जागेखालून, खोडातूनच दोन-तीन उभे कोंब निघतात. ते तसेच ठेवले की झाडाला दोन-तीन डोकी येतात, ती एकमेकांना ढकलतात आणि पावसाळी वाऱ्यात एखादं फाटून खाली येतं. शेंडा उडवून झालाच असेल तर यातला सगळ्यात सरळ आणि जाड कोंब ठेवा, बाकीचे बोटभर असतानाच बुडापासून काढा. वर्षभर झाड चमत्कारिक दिसेल, त्याला इलाज नाही.

उंची खरोखरच अडचणीची असेल तर नुसता शेंडा उडवण्यापेक्षा शेंड्यालाच गुटी कलम बांधा, म्हणजे झाडावर असतानाच त्याला मुळं फोडून घ्या आणि मग कापा. सालीचं कडं काढून ओलं मॉस, वर प्लास्टिक, नेहमीसारखंच. मुळं धरायला वेळ लागतो, डाळिंबाइतकं पटकन होत नाही, पण शेंडा रुजला तर तो सरळ उभा वाढतो आणि हाती नवं, देखणं रोप येतं.

फांद्यांचा नियम सोपा आहे: ठेवायची तर पूर्ण ठेवा, काढायची तर खोडापासून काढा. अर्धी कापलेली फांदी टोकाकडून पुढे जात नाही, थोटकासारखी तशीच राहते. डिसेंबरात माळा गुंडाळताना टोकं मोडतात त्याचंही हेच. वांद्र्याला किंवा वसईला नाताळात कुंडीतलं झाड घरात आणून सजवायची पद्धत आहे. हौस करा, पण माळ फांदीवर सैल ठेवा, आवळून गाठी मारू नका, आणि चंदेरी स्प्रे तर अजिबात नको.

खालच्या फांद्या वाळतात ही तक्रार छाटणीच्या खात्यात टाकू नका. आधी कुंडीत वाकून खोडं मोजा. दाट दिसावं म्हणून एकाच कुंडीत तीन-चार, कधी पाच रोपं लावलेली असतात. लहानपणी गोंडस दिसतात, मोठी झाली की एकमेकांच्या सावलीत आतल्या आणि खालच्या फांद्या मरतात. मुळं एकमेकांत गुंतल्यावर सोडवायला जाऊ नका. सशक्त दिसेल ते एक ठेवा आणि बाकीची मातीलगत कापून टाका. वाईट वाटतं, पण एक झाड तरी धड उरतं. वाळलेली फांदी पुन्हा येत नाही, तेव्हा जाहिरातीतल्या कुठल्याही ‘ग्रोथ टॉनिक’ला पैसे देऊ नका.

झाड एका बाजूला कललंय म्हणून जड बाजूच्या फांद्या कापणं हाही नेहमीचा उद्योग. बाल्कनीत असेल तर ते उजेडाकडे झुकतं, कुंडी दर आठवड्याला पाव फेरा फिरवा. जमिनीतलं असेल तर आणखी एक शक्यता आहे. अरौकारियाचाच न्यू कॅलेडोनियातला भाऊबंद, कुक पाइन, नर्सऱ्यांत नॉरफोकच्या नावाने सर्रास खपतो. जगभरची ही झाडं विषुववृत्ताच्या दिशेने कलतात, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. ते झाड तसंच आहे. फांद्या कापून तोल येणार नाही, उलट एक बाजू कायमची बोडकी होईल.

मोरपंखी आणि जुनिपर

इथे मात्र कात्री चालते, किंबहुना चालवायलाच हवी. फक्त थोडी थोडी आणि वेळच्या वेळी. वर्षातून एकदा हातभर छाटण्यापेक्षा वाढीच्या दिवसांत दोन-अडीच महिन्यांनी बोटाच्या पेराएवढं काढलं तर कात्री कायम हिरव्यातच राहते आणि झाड दाट होतं. एकदा सुटू दिलं की मग मापात आणायला तपकिरीत जावं लागतं आणि तिथे खेळ संपतो. खरं सांगायचं तर मोरपंखीचा आकार तुम्ही लावता त्या वर्षीच ठरतो. सहा फुटी झालेली मोरपंखी चार फुटी करण्याचा मार्ग नाही.

दुसरं, आकार. माळीदादा कुंपण वरून-खालून सारखं सरळ कापतात, कधी वरचा भाग रुंद राहतो. वरच्या सावलीत खालचा भाग उजेडाला मुकतो आणि बुडाकडून तपकिरी चढत जातं. बूड रुंद, डोकं अरुंद ठेवा. कात्री उभी न धरता वरची बाजू झाडाकडे थोडी कलती धरली की आपोआप तसं होतं.

ठिगळ पडलेलंच असेल तर दोन उपाय आहेत. छोटं असेल तर आजूबाजूच्या हिरव्या फांद्या त्या भोकाकडे ओढून काथ्याने आतल्या खोडाला सैल बांधा. एका हंगामात त्यांचे पंखे पसरतात आणि जागा झाकली जाते. दोरी काढायला विसरू नका, सालीत रुतते. अर्ध्या झाडाएवढं ठिगळ असेल तर ते झाकणार नाही. ती बाजू भिंतीकडे करा किंवा झाड बदला. मध्ये वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

आत साचलेला वाळका कचरा हाताने झाडून काढा. पावसाळ्यात तो ओला होऊन कुजतो, बुरशीला आयतं घर मिळतं.

खरा पाइन

महाबळेश्वरहून, उत्तराखंडातून कौतुकाने आणलेला चीड किंवा ऑनलाइन मागवलेला ब्लॅक पाइन मुंबईत थोड्याच लोकांकडे आहे, पण प्रश्न विचारणारे तेच जास्त. इथे कात्रीपेक्षा बोटं महत्त्वाची. नवी वाढ मेणबत्तीसारख्या उभ्या कोंबातून येते. सुया अजून उलगडलेल्या नसताना, कोंब मऊ असताना, चिमटीत धरून अर्धा खुडा. कात्रीने कापलं तर सोबतच्या सुयांचीही टोकं कापली जातात आणि प्रत्येक सुईचं टोक तपकिरी पडतं, सगळं झाड भाजल्यासारखं दिसतं. अर्धा खुडलात की फांदी आखूड आणि दाट होते. पूर्ण कोंब काढून टाकलात आणि मागे सुया नसतील, तर ती फांदी गेली.

व्हिडिओ बघून छाटणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. ब्लॅक पाइनचे वसंतातले सगळे कोंब उन्हाळ्यात काढून टाकायचे आणि त्याच हंगामात दुसरी, आखूड फूट घ्यायची ही जपानी पद्धत खरी आहे. पण ती सुदृढ ब्लॅक पाइनसाठी आणि तिथल्या ऋतूंसाठी आहे. पाच सुयांच्या व्हाइट पाइनला तीच वागणूक दिली तर फांद्या मरतात. आणि जून-जुलै म्हणजे आपल्याकडे धो धो पाऊस. नेमक्या त्याच दिवसांत शंभर उघड्या जखमा कुणी करू नयेत.

मुंबईत धड थंडी नसल्यामुळे पाइनचं वेळापत्रकही बिघडतं. कोंब कधी येईल हे कॅलेंडर सांगणार नाही, झाडाकडेच बघावं लागतं. उष्ण प्रदेशात सखल भागात लावलेले काही पाइन, विशेषतः कॅरिबियन पाइन, बाजूला फांद्या न फोडता नुसता शेंडाच वर नेत राहतात; कोल्ह्याच्या शेपटासारखा लांबच लांब झुपका दिसतो. अशा झाडाला शेंडा खुडून फांद्या फोडायचा मोह होतो. खुडायचंच असेल तर हिरव्या, सुयांनी भरलेल्या भागातच खुडा.

छाटणी कधी, आणि तपकिरीची दुसरी कारणं

मुंबईत मोठ्या छाटणीला मला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ सगळ्यात सोयीचा वाटतो. ऑक्टोबरच्या उन्हात छाटलं तर इतके दिवस सावलीत असलेली आतली पानं एकदम उघडी पडून भाजतात. मार्च-एप्रिलला तेच. जून ते सप्टेंबर, मोरपंखी-जुनिपरची पेराएवढी छाटणी सोडली, तर फक्त मोडलेली फांदी काढा. कात्री धारदार हवी, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पात्यांना स्पिरिटचा बोळा फिरवा. राळ चिकटली तर टर्पेंटाइनने निघते, हाताची खोबरेल तेलाने. कापलेल्या जागी गेरू, शेण, हळद काही लावू नका. झाड स्वतःची राळ सोडतं ती पुरेशी असते. जाड फांदी काढताना खोडालगतची फुगीर कडा तेवढी शाबूत ठेवा.

छाटणीला हातही लावला नाही आणि तरी तपकिरी पडतंय, असं असेल तर आधी मुळं बघा. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. नर्सरीची लाल माती एका पावसात चोपून बसते, पाणी वर तरंगतं, मुळं गुदमरतात. गंमत अशी की मुळं कुजलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, म्हणून लोक आणखी पाणी घालतात. कुंडी कलती करून माती सैल करा आणि वास घ्या. आंबूस, नासका वास आला आणि मुळं काळी, हाताला सालपटं सोडणारी असतील तर छाटणी विसरा. काळी मुळं काढून, लाल मातीत जाड रेती आणि विटांचा चुरा भरपूर मिसळून पुन्हा लावा. पांढरी मुळं असलेली माती पूर्ण झटकू नका, पाइनच्या मुळांवर उपयोगी बुरशी असते ती जाते. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढूनच टाका. ती नाहीतर डासांसाठी पालिकेचा माणूस येऊन काढायला लावतोच.

फेब्रुवारी ते मेमध्ये मोरपंखी किंवा जुनिपर धुरकट, राखाडी-तपकिरी दिसायला लागली तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर ती कोळी कीड. सकाळी लवकर नळीने जोरात पाणी मारा, पानांच्या आतल्या बाजूने, दोन-तीन दिवसांआड काही वेळा. कडुनिंबाचं तेल मारायचं तर आधी एका फांदीवर मारून बघा, आणि उन्हात नकोच.

आणि आतल्या, खोडाजवळच्या सुया पिवळ्या होऊन गळत असतील, शेंडे टवटवीत असतील, तर काहीच करू नका. पाइनची सुई दोन-तीन वर्षांनी गळायचीच.

सोसायटीत जमिनीत लावलेलं झाड असेल तर एक काम कात्रीच्या आधी करा. महाराष्ट्रात १९७५ चा शहरी झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि मुंबईत सोसायटीच्या आवारातल्या झाडाच्या फांद्या छाटायलाही महापालिकेच्या वॉर्डातल्या उद्यान विभागाची परवानगी घ्यावी लागते. तेव्हा नोव्हेंबरात छाटायचं असेल तर दिवाळीपूर्वीच अर्ज द्या.

आकारच हवा असेल तर

ज्यांना गोळे, शंकू, सर्पिल असे घडवलेले आकार हवे आहेत त्यांनी मुंबईत मोरपंखीच्या मागे लागण्यापेक्षा सुरू लावावा. अलिबागपासून केळव्यापर्यंत किनाऱ्यावर तो उभा आहेच. खारा वारा, रेताड जमीन, ऊन, सगळं सोसतो. कोवळ्या डहाळ्यांवर वरचेवर कात्री चालवली तर भिंतीसारखा दाट होतो. सावलीच्या जागेसाठी पोडोकार्पस बघा. तो सूचिपर्णी असून जुन्या लाकडातूनही फुटतो, त्यामुळे एखादी चूक पोटात घालतो. दोघांनाही पहिल्या वर्षापासून, गुडघाभर असतानाच, शेंडे खुडायला सुरुवात करा आणि माळीदादांना छाटायला सांगताना स्वतः शेजारी उभे राहा: पहिल्या चार फांद्यांवर हिरवं कुठे संपतं ते बोटाने दाखवा, मग बाकीचं ते बरोबर करतात.